आरोग्याचं काम सोडून भाषेच्या मागे? रोटुमन भाषेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑकलंडमध्ये राहते आणि सार्वजनिक आरोग्याच्या सर्वेक्षणांवर काम करते. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन तब्येतीचे प्रश्न विचारायचे, ते नीट विचारले गेलेत का हे तपासायचं आणि उत्तरांचे तक्ते करायचे. आमच्यातली एक सहकारी रोटुमन आहे. मधुमेह हा तिचा विषय. पण गेली काही वर्षं तिच्या टेबलावर साखरेच्या तक्त्यांशेजारी शब्दांच्या याद्या पडलेल्या असतात, आणि शनिवारी ती आजीआजोबांना बोलतं करून ध्वनिमुद्रण करते. घरच्या ग्रुपवर एकदा तिच्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. तिच्या सांगण्यावरून तिचं नाव दिलेलं नाही.

रोटुमा नक्की आहे कुठे?

फिजीत, आणि तरी फिजीपासून लांब. सुवा या राजधानीच्या उत्तरेला सहाशेहून जास्त किलोमीटरवर, भर समुद्रात एकटं पडलेलं बेट. ज्वालामुखीतून वर आलेलं, हिरवंगार, जेमतेम चाळीस-पंचेचाळीस चौरस किलोमीटरचं. १७९१ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडखोरांना शोधत निघालेलं ‘पँडोरा’ हे ब्रिटिश जहाज इथे आलं, तेव्हा युरोपीयांना बेटाचा पत्ता लागला. १३ मे १८८१ रोजी ते ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि कारभार फिजीतून चालू लागला. पुढे फिजी स्वतंत्र झाला, रोटुमा फिजीतच राहिला. १३ मे हा आजही ‘रोटुमा दिन’ म्हणून पाळतात.

राजकीय नकाशावर फिजी असला, तरी रोटुमन माणूस स्वतःला फिजीयन म्हणत नाही. चेहरामोहरा, नाच, चटया, मुखियांची पद्धत, भाषा, सगळंच वेगळं. २०१७ च्या जनगणनेत बेटावर जेमतेम सोळाशे माणसं होती. बाकीचे रोटुमन, म्हणजे त्यांच्या कितीतरी पट, सुवा, लौटोका, ऑकलंड, सिडनी असे पांगलेले आहेत. न्यूझीलंडमध्ये ते हजाराच्या आसपास आहेत. डोंबिवलीतल्या दोन-तीन मोठ्या सोसायट्यांत मावतील एवढे!

भाषेचं नाव काय आणि ते म्हणायचं कसं?

देवनागरीत जमेल तितकं जवळ जायचं तर ‘फॅएआङ रोतुअम’. शेवटचा ङ मुद्दाम लिहिलाय. आपण बाराखडीत तो घोकतो आणि ‘वाङ्मय’ सोडलं तर आयुष्यभर त्याचं तोंड पाहत नाही. रोटुमनमध्ये तो रोजच्या वापरातला आहे. ‘रंग’ म्हणताना शेवटचा ग गिळून टाकला की जे उरतं, तो हा आवाज.

दुसरी अडचण स्वरांच्या मधल्या झटक्याची. बाळाने गरम तव्याकडे हात नेला की आपण ‘अं-अं’ म्हणतो, तेव्हा मधे घसा क्षणभर बंद होतो. आपल्याला तो आवाज वाटतच नाही. रोटुमनमध्ये ते व्यंजन आहे आणि ते गाळलं तर शब्द चुकतो.

पण आरोग्य-संशोधकाचा भाषेशी संबंध काय? ते काम भाषातज्ज्ञांचं ना?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. उत्तरासाठी आधी माझ्या आईची गोष्ट सांगते.

आई इकडे आली होती तेव्हा तिच्या पोटात दुखू लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? मी दुभाषी. आई म्हणाली, “दुखत नाहीये गं, कळ येतेय.” मी इंग्रजीत ‘पेन’ एवढंच म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, सारखं दुखतंय का? आईला वाटलं, ठणकतंय का असं विचारतायत. “ठणकत नाही. कळ. येते नि जाते, जीव नको होतो.” मी पुन्हा ‘पेन’ म्हटलं आणि आकडा सांगितला सहा. कागदावर गेलं: पोटदुखी, सहा. आम्ही गोळ्या घेऊन घरी आलो.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले आणि वेळ घेऊन समजावलं: लाटेसारखी येते, कळसाला पोचते, ओसरते, पुन्हा येते. डॉक्टर लगेच सावध झाले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. आईने पहिल्याच दिवशी एका शब्दात सांगितलं होतं. ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतला फरक हेच अर्धं निदान होतं, आणि तो मी वाटेत सांडला होता. चूक माझीच, मराठी माझी मातृभाषा असून.

आता विचार करा, आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत. कळ, ठणका, चमक, सल, रग, आग, भगभग. अंगात कणकण असते, जीव घाबरा होतो, कसंनुसं होतं, अंग मोडून येतं. यातलं कुठलंही इंग्रजीत सांगून बघा. आणि तुमच्या नातवाला यातला एकही शब्द येत नाही असं समजा, कारण दवाखान्यात तुमचा दुभाषी तोच असणार आहे.

माझी सहकारी नेमकी इथे अडकली. रोटुमन आज्यांना मधुमेहाबद्दल इंग्रजीतून विचारलं की उत्तर एकच: बरी आहे. कितीही खोदा, बरी आहे. सोबत आलेला नातू फोनमध्ये डोकं घालून बसलेला. तीच आजी रोटुमनमध्ये बोलू लागली की पायाला मुंग्या कधीपासून येतात, कुणाच्या मयतीला गेल्यावर गोळ्या राहिल्या, लेकीला का सांगितलं नाही, असं सगळं तासभर सांगते. संशोधनाला हवी असलेली माहिती त्या तासात होती. ती घ्यायला माणूस हवा, आणि तसा माणूस पुढच्या पिढीत तयार होत नव्हता. तिने भाषेचं काम हातात घेतलं ते या हिशोबाने. अस्मितेचा भाग नंतर आला, असं ती स्वतःच सांगते.

चांगलं भाषांतर करून घेतलं की भागत नाही का?

काही अंशी भागतं. पद्धतही ठरलेली आहे: एकाने इंग्रजीतून रोटुमनमध्ये करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून कुठे घसरलं ते बघायचं. त्यानंतर चार-पाच माणसांसमोर प्रश्न ठेवून ‘तुम्हाला यातून काय विचारलंय असं वाटलं?’ हे विचारायचं. या शेवटच्या पायरीवर पैसे आणि वेळ वाचवतात आणि तिथेच माती खातात.

न्यूझीलंडच्या आरोग्य सर्वेक्षणात मानसिक ताण मोजायला दहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, केसलर यांची. त्यातला एक प्रश्न साधारण असा: गेल्या चार आठवड्यांत किती वेळा इतकं उदास वाटलं की कशानेही मन रमलं नाही? पर्याय पाच, ‘कधीच नाही’पासून ‘सतत’पर्यंत. माझ्या आजीला हे विचारलं असतं तर ती म्हणाली असती, “मन रमायला काय झालंय, घरात कामं थोडी आहेत का?” तिला समजलं नसतं असं नाही. तिच्या जगात मन ही अशी सुटी काढून मोजायची वस्तूच नव्हती. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या घरांतही बरेचदा तसंच असतं. माणूस एकट्याने आजारी पडत नाही, घर आजारी पडतं. अशा वेळी शब्दाला शब्द बसवून काही होत नाही, प्रश्नच नव्याने रचावा लागतो. आणि तो रचायला त्या भाषेत स्वप्न पडणारा माणूस लागतो.

साध्या शब्दांतही फसगत होते. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून ‘अरे वा’ म्हणणारे काका आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेत.

फोनोफाले, तालानोआ असे शब्द या क्षेत्रात सारखे येतात. ते काय आहेत?

फोनोफाले हे आरोग्य समजून घेण्यासाठी उभं केलेलं एक चित्र आहे. सामोआत जन्मलेले परिचारक फुइमाओनो कार्ल पुलोटु-एंडेमान यांनी ते न्यूझीलंडमधल्या पॅसिफिक लोकांसाठी मांडलं. ‘फाले’ म्हणजे घर. घराचा पाया म्हणजे कुटुंब, छप्पर म्हणजे संस्कृती, आणि मधले चार खांब: शरीर, मन, अध्यात्म आणि चौथ्यात लिंग, वय, परिस्थिती वगैरे बाकीचं सगळं. भोवती काळ आणि परिसर. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींकडे मेसन ड्युरी यांनी मांडलेलं चार भिंतींच्या घराचं असंच एक चित्र आहे, तेही १९८० च्या दशकातलंच. छप्पर गळायला लागलं की खांब कुजतात, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तालानोआ म्हणजे गप्पा. पण कामाच्या गप्पा, वेळ न बघता मारलेल्या. टोंगन अभ्यासक टिमोटे वायोलेटी यांनी २००६ मध्ये ती संशोधनाची पद्धत म्हणून मांडली. आधी खाणंपिणं, गाव-कुळाची चौकशी, प्रार्थना, मग विषय. आपल्याकडे ‘बसा, चहा घ्या’ झाल्याशिवाय कोणी मुद्द्यावर येत नाही, तसंच. मला स्वतःला एक शंका आहे. हल्ली कुठल्याही मुलाखतीला तालानोआ म्हणायची फॅशन आलीय. वीस मिनिटांत फॉर्म भरून घेतला आणि अहवालात लिहिलं तालानोआ. माझी सहकारी यावर फक्त डोळे फिरवते.

भाषा टिकली की तब्येत सुधारते, याला पुरावा आहे का?

आहे, पण जपून वापरायचा. सगळ्यात जास्त सांगितला जातो तो कॅनडातला. ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी वस्त्यांचा हॅलेट, चँडलर आणि लालोंड यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. ज्या वस्त्यांत निम्म्याहून जास्त लोकांना आपली भाषा बोलण्याइतकी येत होती, तिथे तरुणांच्या आत्महत्या जवळपास शून्यावर होत्या. बाकीच्या वस्त्यांत त्या कितीतरी जास्त.

हे वाचून अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच दोनदा वाचायला हवं. अशा वस्त्या मोजक्याच होत्या. आणि जिथे भाषा टिकते तिथे बहुधा जमीन टिकलेली असते, कारभार आपल्या हातात असतो, म्हातारी माणसं घरात असतात. यातलं नेमकं कशामुळे काय झालं, हे वेगळं काढता येत नाही. सकाळी दोन, संध्याकाळी दोन अशी भाषेची गोळी देता येत नाही. निधीच्या अर्जात मात्र लोक तशी देतात, आणि मग तीन वर्षांनी ‘साखर किती खाली आली?’ असं विचारलं जातं. माझ्या मते हा युक्तिवादच आपल्या अंगाशी येणारा आहे. आजीला तिच्या भाषेत ‘कुठे दुखतंय?’ विचारता यायला हवं, यासाठी साखर खाली यायची अट कशाला?

ही भाषा इतकी मागे का पडली? कोणी बंदी घातली होती का?

हवाईसारखी सरळ बंदी नाही. हवाईत १८९६ च्या कायद्याने शाळेतून हवाईयन भाषा हद्दपार झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही उरली नव्हती. रोटुमावर उलट भाषा अजून ठणठणीत आहे. बेटावर घरात, चर्चमध्ये, दुकानात रोटुमनच चालते. अडचण बेट सोडल्यावर सुरू होते, आणि बहुतेकांनी बेट सोडलंय. कॉलेज, नोकरी, दवाखाना, सगळ्यासाठी बोटीत बसावं लागतं. सुव्यात मुलं इंग्रजी आणि फिजीयन बोलू लागतात, ऑकलंडमध्ये फक्त इंग्रजी. लग्न बहुधा रोटुमन नसलेल्या माणसाशी होतं, कारण हजारभर माणसांत, त्यातही अर्धे नात्यातले, जोडीदार कुठून शोधणार?

रोगराईचाही यात हात आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९११ मध्ये रोटुमावर गोवर आला. दोन-अडीच हजारांच्या बेटावर शेकडो माणसं गेली. १९१८ मध्ये ऑकलंडहून ‘टालून’ नावाचं जहाज इन्फ्लुएंझा घेऊन पश्चिम सामोआत पोचलं आणि तिथली जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं, तिथे एकही मृत्यू नाही. अशा साथीत नुसते आकडे जात नाहीत. वंशावळी तोंडपाठ असणारा जातो, कुठल्या समारंभाला कुठला शब्द हे ठाऊक असणारी जाते. २०१९ मध्ये सामोआत पुन्हा गोवर आला, ८३ जण दगावले, बहुतेक लहान मुलं. आरोग्याचं काम आणि भाषेचं काम वेगळं आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी या दोन जहाजांची आणि तीन सालांची गोष्ट सांगते. पहिलं जहाज कुठलं ते मात्र मला सांगता येत नाही. गोवर बेटावर उडत आला नसणार, एवढंच.

फिजीच्या शाळांत रोटुमन शिकवत नाहीत का?

२०१३ च्या फिजीच्या संविधानाची प्रस्तावना रोटुमन लोकांना, त्यांच्या जमिनीला आणि भाषेलाही नावाने मान देते. त्याच प्रस्तावनेत ब्रिटिश हिंदुस्तानातून नेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांचाही उल्लेख आहे. पण प्राथमिक शाळेत सक्तीने शिकवायच्या भाषांचं कलम आलं की नावं दोनच: इतौकेई, म्हणजे मूळ फिजीयन लोकांची भाषा, आणि फिजी हिंदी. पंगतीत पाट मांडला, पान वाढलं नाही.

ही भाषा शिकायला अवघड आहे का?

आहे. आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात मजेची गोष्ट आहे, म्हणून जरा लांबण लावते.

रोटुमनमध्ये बहुतेक शब्दांना दोन रूपं असतात, एक पूर्ण आणि एक आखूड. आखूड रूप करताना बरेचदा शेवटचा स्वर उडी मारून आधीच्या व्यंजनाच्या पलीकडे जातो. ‘होसा’ म्हणजे फूल, त्याचं होतं ‘होआस’. ‘पुरे’ म्हणजे ठरवणं, कारभार करणं, त्याचं होतं ‘पुएर’. आपल्या ‘पुरे’शी नातं नाही, पण सासरी कारभार करणाऱ्या बायकांना ते पटेल. ‘रोटुमा’चं ‘रोतुअम’ होतं तेही असंच. आपण ‘नुकसान’चं ‘नुसकान’ करतो आणि शाळेत त्याला वर्णविपर्यय म्हणून मार्क मिळवतो. आपल्याकडे तो बोलण्यातला घसरडेपणा आहे, तिथे त्यावर अख्खं व्याकरण उभं आहे.

कारण अर्थ बदलतो. ‘फामोरी एआ’ म्हणजे ‘ती माणसं म्हणतात’, आपल्याला माहीत असलेली, ठराविक. ‘फामोर एआ’ म्हणजे ‘काही माणसं म्हणतात’, कुणी तरी. दुसऱ्यातला ओ जरा वेगळा, ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हणावं तसा. आता हे आरोग्याच्या कामात आणा. ‘लोक म्हणतात की या गोळीने मूत्रपिंड जातं.’ कुठले लोक? शेजारची ती दोघं की असेच कुणी? अफवा कुठून आली हे शोधणाऱ्याला पहिल्याच शब्दात धागा मिळतो. इंग्रजी भाषांतरात तो धागा तुटतो.

सोपा भागही आहे. आकडे: दोनला ‘रुआ’, पाचला ‘लिमा’. माओरीत दोन ‘रुआ’, सामोअनमध्ये पाच ‘लिमा’. पण तीनला सामोअनमध्ये ‘तोलु’ आणि रोटुमनमध्ये ‘फोलु’, कारण जुना त रोटुमनमध्ये फ झाला. गंमत अशी की काही शब्द या वळणाने आले आणि काही नंतर पॉलिनेशियन शेजाऱ्यांकडून उसने घेतले, त्यात त तसाच राहिला. हे दोन थर ब्रूस बिग्ज या माओरी भाषाशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये उलगडून दाखवले. ‘काम’ आणि ‘कर्म’ एकाच वाक्यात वापरणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

लिपी आणि स्पेलिंगचं काय?

रोमन लिपी, वर टिंबटांब. एकोणिसाव्या शतकात बेटावर मेथॉडिस्ट आणि फ्रेंच कॅथलिक असे दोन मिशन आले, भांडले, त्यांच्या अनुयायांत लढाईही झाली. दोघांनी स्पेलिंग वेगवेगळं केलं. पुढे मॅक्सवेल चर्चवर्ड या मेथॉडिस्ट पाद्र्याने १९४० मध्ये व्याकरण आणि शब्दकोश काढला, तो आजही पायाभूत मानतात. फोनवर मात्र टिंबं कोणी टाकत नाही. आपल्या रोमन मराठीतल्या व्हॉट्सअॅपसारखंच चाललंय, आणि चालू द्यावं असं माझं मत. शुद्धलेखनाच्या धाकाने आधीच लाजणारी मुलं पूर्ण गप्प होतात.

दर वर्षी होणाऱ्या ‘भाषा सप्ताहा’ने काही फरक पडतो का?

न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक भाषांचे सरकारी सप्ताह असतात, रोटुमनचा मे महिन्यात, रोटुमा दिनाला धरून. ऑफिसात पोस्टर लागतं, ईमेलच्या शेवटी ‘नोआइआ’ हा रोटुमन नमस्कार येतो, केक कापतात. जूनमध्ये पोस्टर उतरतं. तरी मी त्याला नुसतं नाक मुरडत नाही. वर्गात एकुलतं एक असलेल्या रोटुमन मुलाला त्या आठवड्यात तरी ‘म्हणजे तू फिजीयन ना?’ याचं उत्तर द्यावं लागत नाही.

मग नक्की कशाने भाषा टिकते?

घरात बोलल्याने. बाकी सगळं त्याला टेकू.

माओरींनी १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटा इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू केलं, म्हणजे भाषेचं घरटं. आजीआजोबा आणि पाच वर्षांखालची मुलं एका खोलीत, दिवसभर फक्त माओरी. मधली पिढी, जिची भाषा तुटली होती, तिला वळसा घालून दोन टोकं जोडली. त्यावरून स्फूर्ती घेऊन हवाईत १९८४ मध्ये ‘पूनाना लेओ’ आलं. दोन्हीकडे भाषेने पुन्हा मूळ धरलं.

रोटुमन लोकांना हे जसंच्या तसं उचलता येत नाही. ऑकलंडच्या एका टोकाला चार मुलं, दुसऱ्या टोकाला तीन. म्हणून माझी सहकारी लहान गोष्टी करते. आज्यांना फोनवर रोज दहा मिनिटं नातवंडांशी फक्त रोटुमन बोलायला सांगते. साखर तपासायला आलेल्या आजीसोबतच्या नातवाला दुभाषाचं काम देते, पण आधी त्याला वीस शब्द शिकवते: पाय, मुंग्या, तहान, चक्कर. मुलगा आजीच्या आजाराचा मालक झाल्यासारखा वागायला लागतो. आणि ‘फारा’ असतो. नाताळ ते जानेवारी या खेळण्या-बागडण्याच्या दिवसांत रोटुमावर टोळ्या घरोघर जाऊन गातात, नाचतात, घरचे त्यांच्यावर पावडर आणि अत्तर उडवतात. ऑकलंडमध्ये तो गॅरेजमध्ये होतो. गाण्यांतून मुलांना अख्खी वाक्यं पाठ होतात, अर्थ मागाहून कळतो. आपल्यापैकी कितीजणांना भोंडल्याची गाणी आधी आली आणि ‘ऐलमा पैलमा’चा अर्थ अजून कळायचाय?

अॅप किंवा एआयने हे काम होणार नाही का?

होईल, पण ध्वनिमुद्रणं कुणाची हा प्रश्न आधी. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला काइताइया इथे ‘ते हिकू मीडिया’ हे माओरी रेडिओ केंद्र आहे. त्यांनी २०१८ मध्ये लोकांना वाचून पाठवायचं आवाहन केलं आणि दहा दिवसांत तीनशेहून जास्त तासांची माओरी गोळा केली. त्यावर आवाज ओळखणारी यंत्रणा स्वतः उभी केली आणि तो साठा बाहेरच्या कंपन्यांना द्यायला नकार दिला. रोटुमनकडे तीनशे तास नाहीत. जे आहेत त्यात आज्यांच्या आजारांच्या, भांडणांच्या, गेलेल्या मुलांच्या गोष्टी आहेत. आरोग्य-संशोधनात संमतीपत्राची शिस्त कडक असते, तिचा इथे उपयोग होतो: कुठली फीत घरच्यांसाठी, कुठली सगळ्यांसाठी, कुठली बोलणारी गेल्यावर बंद, हे आधी विचारून लिहून ठेवतात.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि लांब जायला नको. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याही भाषाकुळात ती बसत नाही, आणि बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. ऑकलंडमध्ये रोटुमनबद्दल उमाळ्याने बोलणाऱ्या मला बुलढाण्यातल्या या भाषेचं नाव चाळिशीनंतर कळलं. लाज वाटली.

आरोग्य आणि भाषा एकत्र बघणारंही आपल्याकडे आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या शोधग्रामातला दवाखाना आदिवासी गावासारखा बांधलाय, नाव दंतेश्वरी देवीचं. राणीताईंनी तिथल्या बायकांकडून झाडांबद्दल ऐकून लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘गोईण’, म्हणजे तिकडच्या बोलीत मैत्रीण. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. आणि मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या वाचताना मला हल्ली पहिला प्रश्न पडतो तो हा, की त्या आईला कोरकूत कुणी विचारलं होतं का.

मॉरिशसच्या मराठी मंडळींचंही बघा. शाळेत मराठी विषय आहे, गणपती जोरात होतो, पण घरात क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोली. परीक्षेत पास झालेली भाषा स्वयंपाकघरात परत आणणं फार अवघड असतं.

मला रोटुमन माणूस भेटला तर काय म्हणू?

‘नोआइआ’ म्हणा, ‘आ’ आणि ‘इ’ यांच्या मधे घसा क्षणभर अडवून. औपचारिक प्रसंग असेल तर ‘नोआइआ ए माउरी’. फिजीचे का, असं विचारू नका. बेटावर सात जिल्हे आहेत, त्यातला कुठला ते विचारा. समोरचा बहुधा थक्क होऊन आधी हसेल आणि मग तुमचा उच्चार दुरुस्त करेल. माझा ङ गेली चार वर्षं दुरुस्त होतोय.